मुसव्विर जंग राजा दीनदयाळ

सुलतान बाजार, काचीगुडा या भागांतील जुन्या मराठी घरांत अजूनही एखादे छायाचित्र भिंतीवर टांगलेले दिसते. पगडी घातलेले, खांद्यावर उपरणे घेतलेले कोणी पणजोबा खुर्चीत ताठ बसलेले असतात. एक हात शेजारच्या तिवईवर, मागे रंगविलेल्या पडद्यावर कमानी आणि वेली, पायाखाली गालिचा. घरात तिवई नव्हती, गालिचा नव्हता आणि कमानी तर नव्हत्याच. तरीही त्या चित्रातील माणूस खोटा वाटत नाही. आयुष्यात एकदा आपण कसे दिसावे असे त्याला वाटले, तसा तो तेथे दिसतो. माणसाच्या या साध्या, आणि म्हटले तर अत्यंत नाजूक, इच्छेवर ज्यांनी आपला व्यवसाय उभारला आणि तो इंदूर, सिकंदराबाद व मुंबई अशा तीन शहरांत नेला, त्या राजा दीनदयाळ यांचे चरित्र शताब्दीच्या या ग्रंथात सांगणे मला उचित वाटते. ते मराठी नव्हते. परंतु त्यांच्या आयुष्याचा बहुतेक भाग मराठी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना आपली मानली, अशा दोन नगरांत गेला. इंदुरात त्यांची कला रुजली आणि हैदराबादेत ती फळाला आली.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. घराण्यात जवाहिऱ्याचा धंदा चालत आला होता. १८५७ चा उठाव मेरठला पेटला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. ती धामधूम शमल्यानंतर उत्तर हिंदुस्थानातील हुशार मुलांना जी नवी वाट खुली झाली, ती त्यांनी धरली आणि रुडकीच्या टॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे मोजणी, आराखडा आणि नकाशा यांचे काटेकोर शिक्षण त्यांना मिळाले. चित्रकलेच्या शाळेचे संस्कार त्यांच्यावर झाले नाहीत ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुढे त्यांच्या छायाचित्रांत रेषांची जी शिस्त दिसते, स्तंभ ओळंब्यात उभे राहतात, माणसांचे मोठे समूह पायऱ्या-पायऱ्यांनी नेटके मांडलेले दिसतात, तिच्या मुळाशी हे शिक्षण असावे असे मला वाटते.

१८६६ साली ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीत लागले. नोकरी सरकारी आणि स्थिर होती. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो त्यानंतर काही वर्षांनी, १८७४ च्या सुमारास. म्हणजे वयाच्या तिशीत एका संसारी, नोकरदार माणसाने ही विद्या स्वतःच्या हौसेने आत्मसात केली.

त्या काळातील छायाचित्रणाची कल्पना आज सहजी येणार नाही. काचेच्या तावदानावर कोलोडियन नावाचा चिकट द्राव एकसारखा पसरायचा, ती काच चांदीच्या क्षारात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओल सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या जागी नेऊन चित्र उमटवायचे. मध्य हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात काच सुकायला कितीसा वेळ लागणार! बाहेरगावी जायचे तर तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि वजनदार काचांच्या पेट्या बैलगाडीवर लादून न्याव्या लागत. अशा विद्येत हौशी माणसे पुष्कळ शिरत आणि थोड्याच दिवसांत कंटाळून बाहेर पडत. दीनदयाळ टिकले.

त्यांचे पहिले आश्रयदाते इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर होत. त्यांच्याच ओळखीने मध्य हिंदुस्थानातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांच्याशी दीनदयाळ यांचा संबंध आला. ज्यांच्या नावाने इंदूरचे डेली कॉलेज ओळखले जाते तेच हे डेली. या दोघांच्या उत्तेजनामुळे १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता त्या प्रसंगाची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना लाभली. पुढे १८८२-८३ च्या सुमारास डेली यांच्यानंतरचे एजंट सर लेपेल ग्रिफिन यांनी त्यांना आपल्याबरोबर बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर नेले. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, सांची येथील वास्तूंची जी छायाचित्रे त्यांनी या काळात घेतली, त्यांतून मध्य हिंदुस्थानातील प्रसिद्ध वास्तूंविषयीचा ग्रंथ १८८६ साली सिद्ध झाला.

येथवरची कथा एखाद्या गुणी कारकुनाला साहेबाची मर्जी लाभल्याची कथा वाटेल. परंतु दीनदयाळ यांचे वेगळेपण यानंतर दिसू लागते. कीर्ती आली म्हणून त्यांनी नोकरीवर लगेच पाणी सोडले नाही. कॅमेरा हाती घेतल्यानंतर दहा-बारा वर्षे ते खात्यातच राहिले. मग दीर्घ मुदतीची रजा काढून त्यांनी छायाचित्रणावर निर्वाह होतो का हे पाहिले, आणि तसा भरवसा वाटल्यावर १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्ती पत्करली. आपल्याकडे कलावंताच्या चरित्रात सर्वस्व झोकून देण्याचे कौतुक होते. तीस-पस्तीस वर्षे वर्गात मराठी शिकवताना मीही ते कौतुक भक्तिभावाने केले आहे. पण घरातील चूल विझू न देता, पाऊल चाचपून टाकणाऱ्या माणसाचे धैर्य कमी प्रतीचे असते असे आता मला वाटत नाही.

याच सुमारास हैदराबादचा अध्याय सुरू झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८४ साली राज्यकारभाराची सूत्रे आपल्या हाती घेतली, तेव्हा ते अठराच्या आसपास होते. तरुण राजाला स्वतःची प्रतिमा हवी होती. दरबाराला आपले वैभव व्हाइसरॉयला, युरोपीय पाहुण्यांना आणि इतर संस्थानिकांना दाखवायचे होते. दीनदयाळ निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि त्यांनी आपले बिऱ्हाड दक्षिणेत आणले. शिकारीचे तळ, लष्करी कवायती, फलकनुमासारखे नवे राजवाडे, पायगा घराण्यांतील अमीर-उमराव हे सारे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आले. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्लाही त्यांनी टिपला, कारण मराठवाडा तेव्हा याच संस्थानाचा भाग होता. निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रे घडविणारा. ज्या दरबारात जंग हे पद सरदारांच्या नावापुढे लागे, त्या दरबारात ते एका छायाचित्रकाराच्या नावापुढे लागले. व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि पुढे व्हिक्टोरिया राणीची सनदही त्यांना मिळाली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा गौरव झाला.

तथापि, किताब आणि सनदा यांनी पोट भरत नाही. राजा वर्षातून किती वेळा छायाचित्राला बसणार? दीनदयाळ यांनी हे नेमके ओळखले होते. दरबार मान देतो, पण स्टुडिओ चालतो तो साध्या गिऱ्हाइकावर. छावणीतील गोरा अधिकारी, वकील, सावकार, पदवी मिळविलेला तरुण, नवे दांपत्य ही मंडळी दाराशी यावी लागतात. सिकंदराबादला इंग्रजी फौजेची मोठी छावणी होती. ज्या स्टुडिओत निजामाचे चित्र निघते त्याच स्टुडिओत आपलेही निघावे, ज्या पुठ्ठ्यावर राजचिन्ह छापले आहे त्याच पुठ्ठ्यावर आपलाही चेहरा असावा, ही हौस माणसाला असते. मोठ्यांच्या चित्रांनी नाव झाले आणि नावाने सामान्य माणसे आणली. त्यांच्या व्यवसायवृद्धीचे हे पहिले मर्म होय.

दुसरे मर्म तंत्राचे आणि शिस्तीचे. १८८० नंतर तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि ओल्या काचेची कटकट सरली. त्यामुळे एका दिवसात कितीतरी जास्त चित्रे घेता येऊ लागली. पण चित्र घेणे हा कामाचा एक लहानसा भाग होता. त्या काळच्या चांगल्या स्टुडिओत उत्तरेकडून काचेच्या छतातून येणारा उजेड पडद्यांनी कमी-जास्त करीत. बसणाऱ्याने काही क्षण हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावीत. मग निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने डाग झाकणारा एक, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हात प्रत छापणारा दुसरा, ती सोन्याच्या क्षारात बुडवून तिचा रंग पक्का करणारा तिसरा, पुठ्ठ्यावर चिकटविणारा चौथा, आणि हिशेब लिहिणारा पाचवा. दीनदयाळ यांच्या पदरी असा मोठा नोकरवर्ग होता. त्यांच्या काचांवर क्रमांक घातलेले असत. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या क्रमांकात व्यवसायाचे भांडवल होते. दहा वर्षांनी कोणी येऊन वडिलांच्या चित्राची आणखी एक प्रत मागितली, तर काच सापडली पाहिजे. वडील त्या वेळी हयात नसतील. मग त्या काचेची किंमत कोण करणार?

तिसरे मर्म विश्वासाचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. हैदराबादच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया, हिंदू काय आणि मुसलमान काय, पडदा पाळीत. परपुरुषासमोर बसून चित्र काढून घेणे त्यांना अशक्यच होते. याचा अर्थ असा की, घरातील निम्म्या माणसांचे चित्र कधी निघतच नव्हते. एखादी आई, एखादी लहान वयात गेलेली मुलगी मागे चेहरा न ठेवता जात असे. १८९२ साली दीनदयाळ यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी निराळा जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती होत्या, आत पुरुषाला प्रवेश नव्हता. श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाई तेथील काम पाहत आणि त्यांच्या हाताखाली देशी स्त्रियाच काम करीत. व्यापाराच्या नजरेने पाहिले तर ही नवी बाजारपेठ होती, यात शंका नाही. परंतु गिऱ्हाइकाची अडचण काय आहे हे समजून घेऊन, त्याच्या रीतीला धक्का न लावता त्याला हवे ते देणे, हे केवळ नफ्याच्या गणिताने सुचत नाही. पडद्याची चाल योग्य की अयोग्य हा वाद त्यांनी घातला नाही. त्यांनी भिंत थोडी उंच बांधली आणि आतल्या बाजूला उजेड आणला. कॅमेऱ्यामागे स्त्रीला उभे करणारा हा स्टुडिओ शतकाहून अधिक काळापूर्वी या शहरात चालत होता, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

१८९६ साली त्यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ थाटला. हे साहस होते. मुंबईत छायाचित्रणाची परंपरा जुनी होती. तेथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारख्या मराठी माणसांनी ही विद्या तेव्हाच हस्तगत केली होती. बोर्न अँड शेफर्डसारख्या गोऱ्यांच्या बड्या पेढ्याही देशात होत्या. अशा स्पर्धेत उतरायचे तर एकट्या माणसाचे काम नव्हे. दीनदयाळ यांनी ज्ञानचंद आणि धरमचंद या आपल्या दोन्ही मुलांना धंद्यात तयार केले होते आणि पेढीचे नावही राजा दीनदयाळ अँड सन्स असे ठेवले होते.

याच काळात राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात शिळाछापखाना काढला, हे येथे आठवते. प्रतिमा घराघरांत पोचवायची हा दोघांचाही हेतू होता. रविवर्म्यांच्या छापखान्याने देवादिकांची चित्रे गरिबाच्याही भिंतीवर नेली, पण तो कर्जात गेला आणि काही वर्षांतच त्यांना तो परक्या हाती सोपवावा लागला. चित्रकार म्हणून ते मोठेच होते. कारखाना चालविणे हा त्यांचा पिंड नव्हता. दीनदयाळ यांचा तो पिंड होता. मात्र त्यालाही एक किंमत होती.

पेढी वाढली, तीन शहरांत कामे चालू लागली, तेव्हा प्रत्येक चित्रामागे दीनदयाळ स्वतः उभे राहणे शक्य नव्हते. १९०२ साली वरंगळजवळ नेकोंड्याच्या रानात लॉर्ड कर्झन आणि त्यांची पत्नी मारलेल्या वाघासह उभी आहेत, ते चित्र जगभर प्रसिद्ध आहे. १९०३ च्या आरंभी दिल्लीला भरलेल्या दरबाराची चित्रेही पेढीने घेतली. अशा चित्रांतील हात कोणता वडिलांचा, कोणता मुलाचा, कोणता एखाद्या अनामिक नोकराचा, हे निवडणे कठीण आहे. ज्यांनी काचा धुतल्या, पडदे सरकवले, प्रती छापल्या, त्यांची नावे कोणाच्या तोंडी नाहीत. व्यवसाय वाढतो तेव्हा एक नाव मोठे होते आणि अनेक नावे त्याच्या सावलीत जातात. याचा दोष मी दीनदयाळ यांना देणार नाही. परंतु त्यांची थोरवी सांगताना ही सावली वगळणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. काळ पालटत होता. १८८८ साली अमेरिकेत कोडॅक कॅमेरा निघाला आणि १९०० साली एका डॉलरला मिळणारा ब्राउनी कॅमेरा बाजारात आला. ज्या चित्रासाठी स्टुडिओची पायरी चढावी लागे, ते आता घरच्या घरी निघण्याची सुरुवात झाली होती. त्याहून मोठा घाव घरातला होता. १९०४ साली धरमचंद यांचे निधन झाले. हाताशी आलेला मुलगा गेल्यावर पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९०५ रोजी, दीनदयाळ यांनी मुंबईत देह ठेवला. ते साठी नुकतीच ओलांडून गेले होते. १९११ साली महबूब अली पाशाही निवर्तले. ज्ञानचंद आणि त्यांच्यामागून पुढच्या पिढीने काम सांभाळले, पण तो बहर पुन्हा आला नाही.

कागदावरच्या चित्रांपैकी पुष्कळशी पिवळी पडली, विरली, वाटण्यांमध्ये विखुरली. मात्र काचा राहिल्या. कुटुंबीयांनी जपलेल्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ साली भारतीय डाक खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्या काचांवरून आज पुन्हा प्रती काढता येतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका जागी बसून काचेवर क्रमांक घालणाऱ्या कारकुनाला आपण काय करतो आहोत याची कल्पना होती की नाही, देव जाणे.

कलेचा धंदा झाला की कला उणावते, अशी आपल्या सुशिक्षित मराठी मनाची एक जुनी समजूत आहे. दीनदयाळ यांच्या आयुष्याकडे पाहताना ती मला टिकवून धरता येत नाही. त्यांच्या हातून जे उत्तम झाले ते व्यवसायाला बाजूला सारून झालेले नाही. समोर बसलेल्या माणसाचा मान राखणे, त्याची अडचण ओळखणे, दिलेल्या वेळी दिलेले काम हातावर ठेवणे, आणि झालेल्या कामाची नोंद ठेवणे, या व्यापाऱ्याच्या सद्‌गुणांतूनच ते झाले आहे.

ग्रंथालयाच्या शताब्दीत या गोष्टी अधिकच जवळच्या वाटतात. आपल्या ग्रंथालयातही पहिल्या पुस्तकापासून दाखल-नोंदवही आहे. कोणी तरी बोरूने, पुढे टाकाने, पुढे बॉलपेनने तीत क्रमांक घातले म्हणूनच आज पुस्तके हाती लागतात. पण आपल्या घरांतील चित्रांचे काय? आरंभी ज्या पणजोबांचा उल्लेख केला, त्यांचे नाव विचारले तर घरातील धाकट्यांना सांगता येत नाही. ते कोणा खात्यात होते, कोठून हैदराबादेत आले, शेजारी उभी असलेली बाई कोण, हे सांगू शकणारी माणसे घरोघरी एक-दोनच उरली आहेत. ती आहेत तोवर चौकट भिंतीवरून उतरवावी आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत, एवढीच विनंती आहे. राजा दीनदयाळ यांनी माणसांचे चेहरे राखले. त्यांची नावे राखणे आपल्याकडे आहे.